बुलेटचा स्क्रू किती आटे उघडा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय ते मला नीट कळलंय का, ते आधी बघा. वडिलांची 1998 ची बुलेट 350, जुन्या बिडाच्या इंजिनाची, पॉइंटवर (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघड-मिट होणाऱ्या संपर्कांवर) चालणारी. गाव चिपळूण. सकाळी दोन-तीन किकमध्ये चालू होते, पण दहा-बारा किलोमीटर झाले की सिग्नलला थांबल्यावर बंद पडते. एक्सिलेटर हळू दिला तर ठीक, एकदम पिळला की गुदमरते. उतारावर एक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट-फट होते. एव्हरेज 35 चं 24 वर आलंय. गेल्या वर्षी मूळचा सायलेन्सर काढून पंजाबी बसवला. आतापर्यंत चार मेकॅनिक झाले, चौघांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून दिला, आणि चारही वेळा आठवडाभर बरं वाटलं. आता तुमचा प्रश्न: स्क्रू नेमका किती आटे उघडा ठेवायचा?

एका ओळीत सांगायचं तर दीड ते दोन आटे. पण तेवढंच सांगून थांबलो तर मी तुमचा पाचवा मेकॅनिक होईन. तो स्क्रू फक्त आयडलिंगचं, म्हणजे एक्सिलेटर मिटलेला असताना आणि जेमतेम उघडताना जाणारं मिश्रण ठरवतो. 50-60 च्या वेगाने तुम्ही कुंभार्ली घाटाकडे निघालात की त्याचा संबंध जवळपास संपतो. 35 चं 24 होणं त्या स्क्रूच्या आवाक्यातलं काम नाही. तुमच्या गाडीत एक नाही, तीन-चार गोष्टी एकावर एक बसल्यात असं मला वाटतं, आणि प्रत्येक मेकॅनिकने आधीच्याची चूक झाकायला नवीन काहीतरी हलवलंय.

मी कऱ्हाडला गेली तीस वर्षं गॅरेज चालवतो. निम्मं काम जुन्या बुलेटचंच. गाडी न बघता छातीठोक सांगता येत नाही, त्यामुळे मी खात्रीने काय सांगतोय आणि अंदाज कुठे बांधतोय हे वेगवेगळं ठेवतो.

आधी कार्ब्युरेटरचं गणित समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, वर खेचलं जातं. बस, एवढंच. त्याला तापमान कळत नाही, पेट्रोलमध्ये काय मिसळलंय ते कळत नाही, इंजिनाला किती हवं तेही कळत नाही. आपल्या गळ्यातून जेवढी हवा गेली तेवढ्या हिशोबाने तो पेट्रोल देतो. एप्रिल 2020 पासून बीएस6 आलं आणि नव्या दुचाकींत जवळपास सगळीकडे इंजेक्शन बसलं. त्यातला सेन्सर सायलेन्सरमधला धूर हुंगतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. तुमच्या गाडीत हे हुंगण्याचं काम तुमच्या नाकानेच करायचं आहे.

आता समजा, कार्ब्युरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या जोडातून थोडी हवा चोरून आत येतेय. ती हवा गळ्यातून गेलेलीच नाही, म्हणजे तिच्या वाटचं पेट्रोल कुणी दिलेलंच नाही. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. एक्सिलेटर मिटलेला असतो तेव्हा इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे एवढीशी चोरी तिथे मोठी ठरते. एक्सिलेटर उघडला की भरपूर हवा वाहते आणि तीच चोरी नगण्य होते. तुमची गाडी आयडलिंगला बंद पडते, सोडल्यावर फटफटते, आणि मधल्या वेगात बरी चालते. तिन्ही खुणा चोरट्या हवेकडे बोट दाखवतात. गाडी समोर असती तर मी पहिला हात इथेच घातला असता.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी गरम करून आयडलिंगला ठेवा. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या, इस्त्रीवाल्याकडे असते तशी, आणि कार्ब्युरेटर जिथे हेडला बसतो त्या जोडावर चारही बाजूंनी थोडं थोडं पाणी मारा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, अडखळला किंवा उलट सुधारला, तर तिथे फट आहे. बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. त्याने लगेच कळतं हे खरं, पण गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून पॉइंटची ठिणगी शेजारी ठेवायची हे मला पसंत नाही. एकदा भुवया करपल्यात माझ्या.

फट सापडली तर नट आणखी आवळू नका. नव्वद टक्के लोक तेच करतात आणि फट वाढवून बसतात. तुमच्या मिक्कार्ब कंपनीच्या कार्ब्युरेटरला फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारं सपाट तोंड असतं आणि ते दोन नटांवर बसतं. काहींनी मागाहून रबराचा जोड केलेला असतो. फ्लँज असेल तर वर्षानुवर्षं आवळून आवळून तो नटांच्या बाजूला पुढे झुकतो आणि मध्यभागी पोकळ राहतो. कार्ब्युरेटर काढा, फ्लँज काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. मधून उजेडाची रेघ दिसली की तुमचा चोर सापडला. त्याच काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा आणि फ्लँज त्यावर आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा, दाब न देता. दहा मिनिटांत आधी कडा चमकायला लागतात, मग मधला काळा डाग लहान होत होत नाहीसा होतो. डाग गेला की थांबा, स्वच्छ धुवा. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधल्या काळ्या ठोकळ्याचीही दोन्ही तोंडं बघा. नवीन कागदी पॅकिंग घाला आणि नट आळीपाळीने, हाताच्या बेताच्या जोरानेच आवळा. पॅकिंगला सिलिकॉन थापू नका. पेट्रोलने ते फुगतं, त्याचे तुकडे आत जातात, आणि मग मी ते पायलट जेटमधून, म्हणजे आयडलिंगच्या बारीक जेटमधून, काढत बसतो.

हे झाल्यावरही स्क्रूकडे वळायचं नाही. गरम झाल्यावर बंद पडण्याची दोन कारणं अशी आहेत की त्यांच्याशी कार्ब्युरेटरचा संबंधच नाही, आणि बुलेटमध्ये ती फार वेळा सापडतात.

पहिलं, पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला खालून ढकलणारी दांडी. या इंजिनात टॅपेटला गॅप ठेवायचा नसतो. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, अशा वेळी उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवायचा. तो सहज गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एखाद्याने आवाज येऊ नये म्हणून तो घट्ट केला असेल, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि आयडलिंगला गाडी झोपते. थंड असताना छान, गरम झाली की बंद: तुमचंच वर्णन.

दुसरं, कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा छोटा डबीसारखा भाग. त्याची गोष्ट सांगतो, कारण ती माझीच फजिती आहे. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका ऊसवाल्याची बुलेट आली होती. गरम झाली की गचके खायची. मी पायलट जेट बदलला, मेन जेट बदलला, फ्लोट बदलला, तीन दिवस घातले. चौथ्या दिवशी आमचे वस्ताद चहा प्यायला आले. संध्याकाळ झाली होती. त्यांनी पॉइंटचं झाकण काढलं, चालू गाडीत नुसतं बघितलं आणि मला बोलावलं. पॉइंटच्या मध्ये निळी-पांढरी ठिणगी सारखी चटचट उडत होती, अंधारात स्पष्ट दिसत होती. कंडेन्सर बरा असेल तर तिथे बारीकशी ठिणगी दिसते. एवढी फटाकडी नाही. कंडेन्सर थंडीत धरायचा, गरम झाला की सोडून द्यायचा. वस्तादांनी चहा संपवला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. तो अबोला अजून टोचतो. तुम्हीही संध्याकाळी, गाडी गरम असताना, हे बघा. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी, प्लगचा 0.5 मिमीच्या आसपास. कंडेन्सर बदलायचा तर चांगल्या कंपनीचा घ्या. सगळ्यात स्वस्त कंडेन्सर नव्यातच मेलेला असू शकतो, आणि माणसाला वाटतं की नवीन बसवलाय म्हणजे तिथे दोष नसणार.

बाकीचं पटापट: एअर फिल्टर, ब्रेक घासतोय का (चाक उचलून हाताने फिरवून बघा), क्लच सरकतोय का, चेन, टायरची हवा. एव्हरेजच्या तक्रारीत मागचा ब्रेक घासत असलेल्या गाड्या मी मोजणं सोडून दिलंय.

आता वाटी उघडू. तुमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने ओलीच हवा, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते असं तुम्ही लिहिलंय. त्यात आता पेट्रोल ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेल तोवर ते पेट्रोलमध्येच विरलेलं राहतं. मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि तळाला बसतं, आणि जेट तर तळातूनच पितो. वाटी काढताना तिरकी करू नका. सरळ खाली उतरवा आणि आतलं सगळं पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ओता. बशी उजेडात हलवा. पेट्रोल पसरतं, पाणी असेल तर त्यातून वेगळे थेंब पळताना दिसतात, पारा पळावा तसे. तळाला हिरवट-पांढरी पावडर, तांबूस गंज, डिंकासारखा चिकट थर, यातलं काय आहे ते बघा. गंज असेल तर तो टाकीतून येतोय. टाकी साफ केल्याशिवाय कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी पंधरा दिवसांत जैसे थे.

पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उजेडाकडे धरल्यावर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर कचरा आहे. त्यात तार, पिन किंवा सुई घालायची नाही. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि जेटवरचा नंबर खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, फारच झालं तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस घाला. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या वाटा विसरू नका. एअर स्क्रूच्या, म्हणजे तुम्ही विचारलेल्या त्याच स्क्रूच्या, भोकातून हवा मारली की ती गळ्यातल्या बारीक भोकातून बाहेर आली पाहिजे. तिथे बोट धरून खात्री करा.

वाटी उघडलीच आहे तर वरची सुईही काढून बघा. माझा अंदाज असा आहे की तुमचं एव्हरेज इथेच अडकलंय. सुईच्या डोक्याला पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप खालच्या खाचेत सरकवली की सुई वर येते आणि मधल्या वेगाला पेट्रोल वाढतं. आयडलिंगला पेट्रोल कमी पडतंय, गाडी गुदमरते, मग कुणीतरी सुई उचलतो. गाडी तात्पुरती ओढायला लागते, गिऱ्हाईक खूश. पण मूळ दोष तळात, म्हणजे आयडलिंगला होता आणि औषध मध्यात, म्हणजे मधल्या वेगाला दिलं. परिणाम म्हणजे तुमची गाडी तळात उपाशी आणि मध्यात अजीर्ण झालेली. क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत सापडली तर माझा अंदाज खरा. ती मधल्या, म्हणजे तिसऱ्या खाचेत आणा आणि पुढचं सगळं तिथून सुरू करा.

क्लिप जागेवर असूनही मधल्या वेगात काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर सुई आणि ती ज्या नळीत खाली-वर होते ती नळी झिजलीय. एवढ्या वर्षांत हे व्हायचंच. सुई सतत एका बाजूला घासते आणि नळीचं गोल तोंड लांबुडकं होतं. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी झीज, पण पाव ते अर्ध्या एक्सिलेटरला, म्हणजे तुम्ही नव्वद टक्के वेळ जिथे चालवता तिथे, पेट्रोल वाहतंच राहतं. सुई आणि नळी जोडीनेच बदलायची. स्लाइडही, म्हणजे एक्सिलेटर पिळला की सुईसकट वर उचलला जाणारा तुकडा, बोटाने हलवून बघा. ती खडखड वाजत असेल तर कार्ब्युरेटरचं अंगच झिजलंय, मग नवीन घेण्याशिवाय इलाज नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण झिजलेल्या अंगावर ट्यूनिंग धरत नाही.

इथेनॉलचा हिशोबही करून टाकू, कारण हल्ली सगळा दोष त्याच्यावर ढकलायची पद्धत पडलीय. साध्या पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, वजनाने. नुसत्या इथेनॉलला 9 भाग पुरते. ई20 ला साधारण साडेतेरा. तुमच्या गाडीचे जेट 1998 च्या पेट्रोलवर ठरवलेले आहेत, म्हणजे तेवढाच जेट आज सात-आठ टक्के पातळ मिश्रण देतो. लिटरमागे ताकदही कमी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के घट. 35 चं त्याने 32-33 होईल. 24 होणार नाही. उरलेले आठ-नऊ किलोमीटर तुमच्या गाडीतच कुठेतरी सांडतायत.

त्यात पंजाबी सायलेन्सर. तो मोकळा श्वास सोडतो, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं. तो बसवताना कुणी मेन जेट बदलला नसेल असं मी धरून चालतो. कुणीच बदलत नाही. शिवाय सोडल्यावरची फट-फट सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो त्या जोडातूनही होते. तिथून हवा आत ओढली गेली की न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. तिथे काजळीची काळी रेघ दिसली तर जोड गळतोय. माझं मत विचाराल तर मूळचा सायलेन्सर शोधून परत बसवा. निम्मं ट्यूनिंग आपोआप होईल आणि पोलिस रोलरखाली सायलेन्सर चिरडतात त्या फोटोत तुमचा नसेल.

आता स्क्रू. दोन आहेत. जाडसर डोक्याचा, स्प्रिंगवाला, मधल्या उभ्या नळकांड्याला असतो तो स्लाइड उचलून धरतो. तो रेसचा स्क्रू. दुसरा बारीक, फिल्टरच्या बाजूला, तो एअर स्क्रू. तो हवा मोजतो, पेट्रोल नाही. म्हणून आत फिरवला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढला की पातळ. काही दुसऱ्या गाड्यांत हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तिथे तो पेट्रोल मोजतो, म्हणजे सगळं उलटं. स्प्लेंडरवाल्या मित्राचा सल्ला बुलेटला आणि बुलेटचा आरएक्स100 ला लावू नका. आरएक्सच्या बाबतीत तर मिश्रण पातळ ठेवून दामटली की पिस्टन लॉक होतो. टू-स्ट्रोक माफ करत नाही.

गाडी सात-आठ किलोमीटर फिरवून आणा. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग म्हणजे जेवणाआधी दिलेली ढेकर. चोक बंद आहे ना ते बघा. तुमचा चोक हवा अडवत नाही, वेगळ्या वाटेने जास्त पेट्रोल सोडतो, आणि एक्सिलेटर मिटलेला असेल तरच काम करतो. त्यामुळे सकाळी चोक ओढून एक्सिलेटर पिळत किक मारण्यात अर्थ नाही, हेही जाता जाता.

एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत घ्या. टेकला की थांबा, आवळू नका, टोक निमुळतं असतं. मग दीड आटा बाहेर. रेसच्या स्क्रूने आयडलिंग नेहमीपेक्षा जरा वर धरा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढत जा. प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला वेळ लागतो. आवाज वाढत जाईल, एका जागी सगळ्यात मोकळा आणि एकसारखा होईल, पुढे परत अडखळेल. उलट दिशेनेही तसंच करून मधली जागा शोधा. ती मिळाली की रेसच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा आणि एअर स्क्रू परत एकदा तपासा. दोन-तीनदा असं केलं की हलवायला काही उरत नाही.

या स्क्रूची जागा स्वतःच बरंच सांगते. सगळ्यात चांगला आवाज अर्ध्या आट्याच्या आतच मिळत असेल, तर हवा कोंडावी लागतेय, म्हणजे पायलट जेट लहान पडतोय किंवा अजून कुठेतरी चोरटी हवा आहे. तीन आट्यांपलीकडे जावं लागत असेल तर पायलट जेट मोठा आहे किंवा वाटीत पेट्रोलची पातळी वर आहे. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर वाट तुंबलीय, परत मागे जा. म्हणून ‘किती आटे’ हा आकडा मी ठरवत नाही. इंजिन ठरवतं आणि मी वाचतो. दीड-दोनच्या मध्ये आला की खालचं सगळं ठीक आहे असं समजतो.

आयडलिंग फार खाली आणू नका. डुग... डुग... असा एकेक ठोका मोजता येईल अशी गाडी सगळ्यांना हवी असते, मलाही ऐकायला आवडते. पण या इंजिनाचा तेलाचा पंप इंजिनाच्याच वेगावर चालतो. ठोके मोजण्याच्या हौसेपायी क्रँकचं बेअरिंग उपाशी राहतं, आणि ते काम किती हजारांचं आहे ते कुठल्याही बुलेटवाल्याला विचारा.

नंतर मधला आणि वरचा भाग. एक्सिलेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेनाने चार खुणा करा: मिटलेला, पाव, अर्धा, पूर्ण. समोर स्विचच्या घरावर एक खूण. आता गाडी चालवताना नेमकं कुठल्या खुणेला गुदमरते ते बघा, वेगाचा काटा नाही. पावपर्यंत पायलट जेट आणि स्लाइडची कापलेली कड, पावपासून पाऊणपर्यंत सुई, त्यापुढे मेन जेट. सीमारेषा काटेकोर नाहीत, एक दुसऱ्यात मिसळतात, पण शोधायला एवढं पुरतं. ज्या खुणेला त्रास तोच भाग बदला, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते देवालाही कळणार नाही.

पातळ आहे की दाट, याची एक झटपट परीक्षा वस्तादांनी शिकवलेली. फिल्टरची नळी काढून, इंजिन चालू ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू आणायचा. अर्धं तोंड झाकल्यावर आवाज सुधारला तर पेट्रोल कमी पडत होतं. लगेच घुसमटून बंद पडायला लागली तर आधीच जास्त आहे. नळी काढल्यानेच मिश्रण थोडं पातळ होतं, तेवढं मनात धरायचं. तळहाताला पेट्रोलचा गार शिडकावा लागतो. त्या गारव्याची सवय झाली की बरंच कळायला लागतं.

प्लगचा रंग बघायचा तर रीतसर बघा. घरी येऊन पाच मिनिटं आयडलिंगला ठेवून काढलेला प्लग फक्त आयडलिंगचा रंग दाखवतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर ठरवलेल्या खुणेला दीड-दोन किलोमीटर चालवा, मग क्लच दाबून चावी बंद करा, गाडी कडेला घ्या आणि तिथेच प्लग काढा. पांढरी चिनी माती दुधाच्या चहासारखी झालेली बरी. खडूसारखी पांढरी असेल तर पातळ, कोरडी काळी काजळी असेल तर दाट. ई20 वर रंग जरा फिका येतो, त्यामुळे पूर्वीसारखा गडद बिस्किटी रंग यायची वाट बघत जेट वाढवत बसू नका. पंजाबी सायलेन्सर ठेवणारच असाल तर मेन जेट एक नंबर वर नेऊन ही परीक्षा घ्या. दोन नंबर वर न्यायची वेळ सहसा येत नाही.

एकदम पिळल्यावर गुदमरणं पूर्ण जाणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. या कार्ब्युरेटरला पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप नाही. स्लाइड झटक्यात उचलली की हवा आधी धावते, पेट्रोल मागून येतं. वरचं सगळं केल्यावर ते एका क्षणाच्या अडखळण्यावर येईल. बाकी हाताच्या सवयीचा भाग आहे. वडिलांना विचारा, ते पिळत नसणार.

उंचीचं राहिलं. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे हवा दहा-बारा टक्के विरळ, त्यामुळे गाडी थोडी दाट चालते, ओढ कमी वाटते. एका सहलीसाठी काही हलवू नका. लडाखला निघालात तर वेगळं बोलू.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: फ्लँजची फट, मग पुशरॉड आणि पॉइंट-कंडेन्सर, मग वाटी आणि सुई, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. पहिल्या दोन पायऱ्यांतच सिग्नलला बंद पडणं थांबेल असं मला वाटतं. एव्हरेज सुईवर सुटेल, आणि तीस-बत्तीस मिळालं तर समाधान माना.

वाटी उघडाल तेव्हा तीन गोष्टी बघून मला कळवा: मेन जेटवर कोरलेला नंबर, पायलट जेटचा नंबर, आणि क्लिप वरून कितव्या खाचेत आहे. फ्लँजचा उजेडाकडे धरलेला फोटो निघाला तर उत्तमच. तोवर हायवेवर पूर्ण एक्सिलेटरला लांब पल्ला मारू नका. आत्ता ती वरच्या बाजूलाही पातळ चालत असण्याची शक्यता आहे, आणि त्या उष्णतेने एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला तर हेडच उतरवावं लागेल.